मुळं आणि ओले दगड असलेल्या जंगलउतारावर ब्रेक कुठे दाबायचा, कुठे सोडायचा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वजन ७४ किलो. सायकल २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे १०० मिलिमीटर दबणारा, धक्के शोषणारा फोर्क, २.१ इंची टायर, आत ट्यूब, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. पुण्याच्या टेकड्यांवर चांगला सराव आहे. पावसाळा संपल्यावर ग्रुपबरोबर महाबळेश्वरच्या पठारावरून कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एका पायवाटेवर गेलात, तिथे मुळांवर दोनदा आपटलात, हात भरून आले आणि शेवटचा बराच भाग सायकल हातात धरून उतरलात. आता डिसेंबरात तीच वाट पुन्हा करायची आहे. एक मित्र म्हणतो, फुल सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के शोषणारी सायकल घे. दुसरा म्हणतो, ब्रेक सोड, वेगात गेलं की मुळं जाणवतच नाहीत. तुमचा प्रश्न आहे की यातलं कोणाचं ऐकायचं.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण तुमचं पडणं त्यातल्या कशानेच थांबेल असं मला वाटत नाही. तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: ‘मुळं दिसली की मी दोन्ही ब्रेक धरतो आणि नेमकं तेव्हाच पुढचं चाक निसटतं.’ तुमची खरी अडचण इथे आहे. ब्रेक जास्त लागतोय की कमी, हा मुद्दा दुय्यम. तो चुकीच्या जागी लागतोय. मी बरीच वर्षं सह्याद्रीत लोकांना ट्रेलवर घेऊन जातो आणि टेकडीवरून पहिल्यांदा दाट जंगलात येणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. धाडस कमी असतं म्हणून नाही, जमीन बदललेली असते म्हणून.

आधी हे सांगतो की पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. त्या दिवशी वाट किती ओली आहे, तुम्ही किती वाजता उतरताय, पुढच्या टायरची नक्षी कितपत शिल्लक आहे, खांद्याला किंवा मनगटाला जुनी दुखापत आहे का, सोबत कोण आहे. मी दिलेले आकडे सुरुवात म्हणून घ्या आणि आपल्या सायकलवर पडताळून पाहा.

टेकडी आणि हे जंगल यांत फरक काय, ते बघू. पुण्याच्या टेकड्यांवर मुरूम असतो, सुटे दगड असतात, गिरिपुष्पाची विरळ सावली असते. पाऊस संपला की आठवड्याभरात वाट खडखडीत वाळते. चाक घसरतं, पण ते कुठे घसरणार हे लांबून दिसतं. महाबळेश्वरचं जंगल वेगळं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वर जांभ्याचा थर, त्यावर मातीचा पातळ पापुद्रा आणि त्यात अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा अशी बहुतांशी सदाहरित झाडं. खाली खडक असल्यामुळे मुळांना खोल जाता येत नाही, ती आडवी पसरतात. माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी वरची माती झिजते आणि मुळं उघडी पडतात, त्यांची साल घासून गुळगुळीत होते. वरचं छत्र मिटलेलं असल्यामुळे ऊन खाली पोचत नाही. म्हणून ‘डिसेंबर म्हणजे कोरडा’ हा हिशेब इथे चालत नाही. थंडीत रात्रभर दव पडतं आणि सावलीतली मुळं नऊ-दहा वाजेपर्यंत ओलीच असतात. दगडांवरचं शेवाळ तर त्यानंतरही कितीतरी दिवस टिकतं.

आता चाकाचं बघू. टायरला जमिनीची जी पकड मिळते ती एका ठिकाणी ठरावीकच असते. ती पकड तुम्ही थांबण्यासाठी वापरू शकता किंवा वळण्यासाठी. दोन्ही एकदम हवं असेल तर दोन्हींच्या वाट्याला कमी येते. कोरड्या मुरमावर ही पकड बरीच असते, त्यामुळे थोडा ब्रेक आणि थोडं वळण एकत्र खपून जातं. ओल्या, सोललेल्या मुळावर ती जवळजवळ नसतेच. तिथे ब्रेकचं बोट नुसतं टेकलं तरी सगळी पकड संपते आणि चाकाला बाजूला जाण्यापासून अडवणारं काही उरत नाही. तुम्ही मुळावर ब्रेक धरता तेव्हा नेमकं हेच घडतं.

म्हणून जंगलातल्या उताराकडे मी दोन प्रकारच्या तुकड्यांची माळ म्हणून बघतो. काही तुकडे पकड देणारे: उघडी घट्ट माती, मुरूम, कोरडा कातळ, कोरडा खरबरीत जांभा. काही तुकडे पकड न देणारे: मुळं, शेवाळलेला दगड, पाल्याचा जाड थर, ओढ्यातले गोटे. वेग कमी करायचा तो पहिल्या प्रकारावर, आणि तोही मनापासून, पुढचा ब्रेक धरून. दुसऱ्या प्रकारावर दोन्ही ब्रेक मोकळे, हँडल सरळ, पेडल जमिनीला समांतर, आणि चाकांना गडगडू द्यायचं. तुमचा दुसरा मित्र ‘ब्रेक सोड’ म्हणतो तो या अर्थाने बरोबर आहे. पण त्याच्या सल्ल्यात अर्धं वाक्य राहून गेलंय. मुळांच्या आधीच्या चार-पाच मीटरमध्ये वेग इतका कमी केलेला हवा की ब्रेक सोडल्यावर मुळं संपेपर्यंत वाढणारा वेग तुम्हाला झेपेल. उतार तीव्र असेल तर मुळांच्या तोंडाशी अगदी चालण्याच्या गतीपर्यंत या. उतार सौम्य असेल तर एवढं खाली यायची गरज नाही, उलट फार हळू गेलात तर पुढचं चाक मुळाला अडून तिथेच थबकेल.

वेगात गेल्यावर मुळं जाणवत नाहीत हेही काही अंशी खरं आहे. चाकाला गती असेल तर ते मुळावर अडत नाही. पण त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते बघा. ताशी १२ किलोमीटरऐवजी १८ ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारं अंतर सव्वादोनपट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ओलसर पाल्यावर जिथे तीन मीटरात थांबला असता तिथे आता जवळपास सात मीटर लागतील. आणि तुम्ही सांगताय त्या वाटेवर सलग सात मीटर पुढचं दिसतं अशा जागा थोड्याच. कारवी दोन्ही बाजूंनी झुकलेली असते, वाट वळत असते. म्हणून माझा साधा नियम आहे: जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वेग आपोआप ठरतो.

मुळाचा कोन हा यातला दुसरा भाग, आणि तो शिकवला की लोकांचं पडणं लगेच कमी होतं. मूळ तुमच्या वाटेला काटकोनात असेल तर ते ओलं असलं तरी फारसं बिघडत नाही. चाक त्यावर चढतं, पुढे सरकतं, खाली उतरतं. मूळ तिरकं असेल तर चाक त्याच्यावर चढण्याऐवजी त्याच्या लांबीच्या दिशेने घसरत जातं. तेव्हा तिरक्या मुळासमोर आलात की आधीच्या मातीत थोडे बाहेर या आणि मग त्याला शक्य तितकं काटकोनात भेटा. त्यासाठी वाटेच्या मधली ठरलेली रेघ सोडावी लागली तरी चालेल, मात्र वाट सोडून झाडीत जायचं नाही. चाक मुळाला लागण्याच्या क्षणी हातांवरचा भार किंचित काढा. फार उचलायचं नाही, हात थोडे सैल सोडले तरी पुरतं. मागचं चाक आपलं आपण येतं. ते थोडं सटकलं तर घाबरू नका. मागचं चाक सरकणं सावरता येतं, पुढचं सरकलं की बहुतेक वेळा माणूस खाली जातो. म्हणून नाइलाजाने शंकास्पद जागी ब्रेक लावावाच लागला तर फक्त मागचा, तोही हलका.

मुळांचं जाळंच असेल, काटकोन कुठेच मिळत नसेल, तर तीन गोष्टी करायच्या नाहीत: ब्रेक, पेडल, वळण. आधी वेग कमी करून सरळ रेषेत सोडून द्या. आणि जाळं वळणावरच असेल तर उतरून चालत जा. मी स्वतः अशा जागी सकाळच्या दवात उतरतोच.

दगडांबद्दल थोडक्यात. कोरडा जांभा खरबरीत असतो आणि पकड चांगली देतो, पण त्याच्या कडा टायरची बाजू कापतात. झिजलेल्या जांभ्यावर सुटलेली बारीक खडी असेल तर मात्र तो घट्ट जमिनीसारखा दिसतो आणि वागतो उलटा. खाली उतरत गेलात की काळा कातळ आणि ओढ्यातले गोल गोटे लागतात, त्यांची सावलीकडची बाजू शेवाळलेली असते. गोट्यांत शिरताना नजर पलीकडच्या काठावर ठेवा आणि हलका गिअर आधीच लावून घ्या, मधे बदलू नका. दगडी पायऱ्या लागल्या तर पायरीच्या कडेला चाक अगदी सरळ भिडलं पाहिजे. तिरकं उतरलं की चाक कडेवरून घसरतं.

शरीर कसं ठेवायचं, यावर आपल्याकडे ग्रुपमध्ये सरसकट एकच ओरड असते: ‘मागे बस, मागे बस!’ मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. तुम्ही सीटच्या मागे लटकलात की पुढच्या चाकावरचा भार जातो. मग ते वळवलं तरी वळत नाही आणि त्याचा ब्रेक धरला की लगेच घसरतं. शिवाय हात ताणून सरळ होतात आणि प्रत्येक धक्का थेट खांद्यात जातो. तुमचे हात भरून येतात याचं एक कारण हेच असावं. त्याऐवजी पेडल समांतर, टाचा खाली, गुडघे सैल, कंबरेतून वाकून छाती हँडलच्या दिशेने, कोपरं बाहेर. सगळा भार पायांवर यायला हवा, हातांत फक्त दिशा. उतार जसा तीव्र होईल तशी कंबर थोडी मागे जाते, पण ती उताराच्या मानाने जाते, भीतीच्या मानाने नाही. तपासायचं असेल तर उतारावर असताना बोटं क्षणभर सैल करून बघा. हातांवर वजन नसेल तर ती सहज सुटतात.

ब्रेकला एकच बोट. लिव्हर हँडलच्या जवळ आणा, म्हणजे तर्जनीचं पहिलं पेर आरामात पोचेल. लिव्हरवरच्या छोट्या स्क्रूने हे दोन मिनिटांत होतं. बाकी तीन बोटं आणि अंगठा ग्रिप धरायला मोकळे राहतात. हात भरून येण्यावर याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. एक आठवण: भाड्याची किंवा मित्राची सायकल घेतलीत तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते निघण्यापूर्वी बघा. उजवा-डावा उलट असलेल्या सायकली आपल्याकडे सर्रास मिळतात आणि उतारावर हे कळणं महागात पडतं.

‘सारखा थोडा थोडा ब्रेक धरून उतरतो, मग शेवटी लिव्हर मऊ लागते’ असंही तुम्ही लिहिलंय. त्यामागचा हिशेब बघा. तुम्ही, सायकल, पाणी, पिशवी मिळून ९० किलो धरू. पठारावरून खोऱ्यात सहाशे मीटर उतरलात तर साधारण ५ लाख ३० हजार जूल ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. सुमारे दीड लिटर पाणी उकळीला यायला एवढीच ऊर्जा लागते. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, पण हळू उतरणाऱ्याच्या बाबतीत मोठा वाटा त्या दोन पातळ डिस्कच्या माथी येतो. ब्रेक सतत धरून ठेवला तर पॅड आणि डिस्क कधीच एकमेकांपासून सुटत नाहीत, उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही आणि ती पुढे तेलापर्यंत पोचते. तेल तापलं, त्यात जुना ओलावा किंवा हवा असेल तर लिव्हर मऊ पडते. तेच काम थोडा वेळ जोरात धरून मग पूर्ण सोडून केलंत तर मधल्या काळात डिस्कला वारा लागतो. म्हणजे मुळांसाठी जी पद्धत योग्य तीच ब्रेकच्या आरोग्यासाठीही योग्य. तरीही लांब उतारावर मधे थांबा. डिस्कला हात मात्र लावू नका, कातडी सोलवटते. निघण्याआधी पॅडची जाडी बघा आणि वर्षभरात ब्रेक ब्लीड (जुनं तेल आणि हवा काढून नवं तेल भरणं) केले नसतील तर करून घ्या. चिखलात रेझिनचे पॅड लवकर झिजतात, तुमच्या कामाला धातूमिश्रित पॅड जास्त बरे.

उजेडाचं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते दाट जंगलात निम्मी अडचण तीच असते. दुपारी वरून ऊन गाळून येतं आणि वाटेवर कवडसे पडतात. झगझगीत ठिपका आणि त्याच्या शेजारी काळोखी सावली. डोळे उजेडाला जुळवून घेतात आणि सावलीतलं मूळ दिसेनासं होतं. काळा गॉगल तर अजिबात नको. पारदर्शक किंवा फिकट पिवळ्या काचेचा चष्मा घाला. कारवीचे दांडे आणि कोळ्यांची जाळी तोंडावर येतात, त्यामुळे चष्म्याशिवायही जाऊ नका. मोकळ्या पठारावरून थेट झाडीत शिरताना तोंडाशीच अर्धा मिनिट थांबा, डोळे सरावू द्या. आणि नजर समोरच्या चाकावर ठेवू नका. जे मूळ आता चाकाखाली येतंय त्याचं काही करता येत नाही. त्याचा निर्णय आधीच झालेला असतो. नजर पुढच्या पकड देणाऱ्या तुकड्यावर हवी. तीव्र वळणावर तर मान वळवून वळणाचं पलीकडचं टोक बघा, सायकल तिकडेच जाते.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: नजर पुढच्या मातीच्या तुकड्यावर, तिथे पोचलो की ठाम ब्रेक, मुळं आली की ब्रेक मोकळे आणि चाक काटकोनात, वजन पायांवर, आणि जे नीट दिसत नाही ते चालत. आता सायकलकडे येऊ.

फुल सस्पेन्शन घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पैसे असतील आणि वर्षभर अशाच वाटा करणार असाल तर ती थकवा कमी करते, मागचं चाक जमिनीला जास्त चिकटून राहतं. पण ओल्या मुळावर ब्रेक धरला तर दीड लाखाची सायकलही निसटते. आधी टायर बदला. तुमच्या २.१ च्या जागी पुढे २.३५ च्या आसपासचा, बाजूला ठळक गुट्ट्या असलेला, मऊ रबराचा टायर बसतो का ते फोर्कची जागा मोजून बघा. शक्य असेल तर ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूबऐवजी छिद्र बुजवणारं द्रव सीलंट. ट्यूब ठेवलीत तर तुमच्या वजनाला हवेचा दाब पुढे २६ आणि मागे २९ पीएसआयच्या खाली फारसं जाता येत नाही, दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते. ट्यूबलेसमध्ये रुंद टायरवर पुढे २०-२१, मागे २३-२४ पासून सुरुवात करा. रिम दगडावर वारंवार आपटतेय असं वाटलं तर एक-दोन पीएसआय वाढवा. हा एक-दोनचा फरक मुळांवर स्पष्ट कळतो, म्हणून छोटा डिजिटल गेज घ्या. पायपंपाचा काटा एवढ्या कमी दाबाला भरवशाचा नसतो. बोर-बाभळीचे आणि बांबूचे काटे सीलंट बऱ्यापैकी सांभाळतं.

फोर्कमध्ये हवेचा दाब असा ठेवा की उतरणीच्या पवित्र्यात उभं राहिल्यावर शंभरातले २० ते २५ मिलिमीटर दबले जावेत. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार मंद ठेवू नका. एकामागून एक मुळं आली की मंद फोर्क पुन्हा वर यायच्या आत पुढचा धक्का बसतो, तो दबलेलाच राहतो आणि तुम्हाला वाटतं फोर्क कडक आहे. ड्रॉपर (बटण दाबून सीट खाली-वर करणारा दांडा) नसेल तर उतार सुरू होण्यापूर्वी सीट सात-आठ सेंटिमीटर खाली घ्या. एवढ्याने जी मोकळीक मिळते ती अनुभवूनच कळेल. क्लिप असलेले बूट असतील तर या वाटेपुरते साध्या सपाट पेडलवर या, पाय पटकन टेकता येतो. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड घालाच.

सराव टेकडीवरच होतो, त्यासाठी घाटमाथ्यावर जायची गरज नाही. एक छोटा उतार निवडा, त्यावर डोळ्यांनी दोन खुणा ठरवा. पहिल्या खुणेला येईपर्यंत वेग चालण्याच्या गतीवर आणायचा, पहिलीपासून दुसरीपर्यंत ब्रेकला बोटही लावायचं नाही. सुरुवातीला मोकळी जमीन घ्या, मग मधे दगड येतील असा भाग. वेग वाढवायचा नाही, फक्त ब्रेक कुठे सुटतो हे अचूक होऊ द्यायचं. मला यात जाणवलेली गोष्ट अशी की लोकांना ब्रेक दाबायला शिकवावं लागत नाही, सोडायला शिकवावं लागतं, आणि त्याला काही आठवडे लागतात. डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे तेवढा वेळ आहे.

आणखी एक टेकडीवरचा तुमचा अनुभव कामाला येईल असा अडथळा: वनखात्याने खोदलेले समतल चर. साधारण दोन फूट रुंद, फूटभर खोल, उताराला आडवे. पावसाळ्यानंतर गवतात किंवा पाल्यात लपलेले असतात. झाडीच्या मोकळ्या कडेला, लागवडीच्या पट्ट्यात ते हमखास मिळतात. लांबून गवताची सरळ आडवी रेघ दिसली की चर समजा आणि उतरा. पुढचं चाक त्यात बसलं तर माणूस हँडलवरून जातो.

चालत जायचं कुठे, हे ठरवायला मी सोबतच्यांना एकच प्रश्न विचारतो: इथे चाक घसरलं तर तू कुठे पडशील? वाटेवर, झुडपात, मातीत पडणार असशील तर प्रयत्न कर. बाजूला घळ आहे, खाली खडक आहे, तर जमण्याची खात्री असली तरी चाल. परदेशात आखलेल्या ट्रेलच्या तोंडाशी हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, पत्त्यातल्या चौकटसारखा काळा आकार अशा खुणा असतात, काठीण्य आधीच कळतं. आपल्या पायवाटा लोकांनी डोक्यावर भारा घेऊन चालण्यासाठी पाडलेल्या आहेत, सायकलसाठी नाहीत. कुठे काय येईल याची कोणी हमी दिलेली नाही. म्हणून नवी वाट आधी एकदा पूर्ण चालून बघावी असा माझा आग्रह असतो. तुम्ही सायकल धरून उतरलात ते वाया गेलेलं नाही. तो भाग तुम्ही आता पायांनी ओळखता.

आणि वाट ज्यांची आहे त्यांचा मान राखा. गावकरी समोरून येत असतील तर सायकल थांबवून बाजूला घ्या, विशेषतः चढ चढणाऱ्याला. गुरं बिथरली तर दरीकडे जातात, म्हणून त्यांच्याजवळ उतरून चाला. देवराईतून वाट जात असेल तर सायकल आत चालवू नका, गावात विचारून तिला वळसा घाला. मुसळधार पावसानंतर लगेच जाऊ नका. चिखलात ब्रेक धरून काढलेला चर पुढच्या पावसात ओघळ होतो आणि गावाची वाट वाहून जाते.

परवानगीबद्दल तुमच्या ग्रुपमध्ये काही बोलणं झालं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. खोऱ्यात पुढे कोयना अभयारण्य लागतं, ते १९८५ चं, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, राखीव वनातही मनाला येईल तसं फिरता येत नाही. तुमची वाट नकाशावर कुठून कुठे जाते ते घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. नाही म्हणाले तर दुसरी वाट निवडा. तिथे गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि सायकल आवाज न करता वेगाने वळणावर अवतरते, हे त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही वाईट. आंधळ्या वळणाआधी बोलत राहा, घंटी वाजवा. गवा दिसला तर थांबा, त्याला जायला जागा द्या, फोटोसाठी पुढे जाऊ नका. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली थांबू नका, तिथे अत्तर किंवा धूर तर नकोच. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी बघा, फुरसं आणि घोणस दोन्ही या भागात आहेत.

निघताना किमान तिघं हवेत: कोणाला लागलं तर एक सोबत थांबतो, एक मदत आणायला जातो. खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून रेंज शेवटची कुठे मिळाली ते लक्षात ठेवा आणि खालच्या गावातल्या कोणाला तरी तुमची वेळ सांगून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येईल हे धरून चाला. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या तासभर आधी अंधारून येतं. दवही नको आणि अंधारही नको, तर उतरायला सुरुवात साडेदहा-अकराला करा आणि तीनपर्यंत खालच्या रस्त्याला लागा.

टायरचं नाव, रिमची आतली रुंदी आणि तुम्ही पडलात त्या दोन जागांचे फोटो असतील तर टाका. मुळांचा कोन बघून तिथली रेघ कशी घ्यावी हे जास्त नेमकं सांगता येईल.